तोंड भिंतीकडे

सोमवार, ६ जानेवारी

दीपिकाने सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. ती माझ्या बहिणीची मुलगी, नर्स आहे. काल आली होती. म्हणाली, "मामा, रोज संध्याकाळी लिहून ठेवायचं, आज कोणाशी बोललो. नुसती नावं लिहा. पुढच्या वेळी आले की बघणार."

मी म्हटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे?

"तेच बघायचंय," ती म्हणाली.

आज बोललो: दूधवाला (एक वाक्य). श्रेया (फोन, चार मिनिटं).

श्रेया माझी मुलगी. हैदराबादला तिची पहिली नोकरी लागून सात महिने झाले. तिला अजून सांगितलेलं नाही की माझी सुटली. बायको ऑगस्टमध्ये गेली तेव्हाच ती राजीनामा देऊन परत यायला निघाली होती, मोठ्या मिनतवारीने थांबवली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कॉटन ग्रीनचं गोडाऊन भिवंडीला हलवलं आणि स्टोअरकीपर म्हणून माझी गरज उरली नाही. हे तिला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल. म्हणून रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडतो. चाळीतही कोणाला माहीत नाही. फक्त दीपिकाला माहीत आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

दादरच्या वाचनालयात दुपारपर्यंत बसलो. तिथे रोज तीच पाच माणसं येतात. एकमेकांकडे बघत नाहीत. तेही डबा आणतात, हे आज लक्षात आलं. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

आज बोललो: श्रेया.

गुरुवार, ९ जानेवारी

आज डबा घेऊन निघताना खुंटीवरची जुनी किल्ली दिसली. लालबागला आमच्या आंबेखोल ग्रामस्थ मंडळाची खोली आहे, तिची. वडील, रामजी, वीस वर्षं मंडळाचे चिटणीस होते, तेव्हापासून एक किल्ली आमच्याकडे असते. गावाहून गिरणीत कामाला येणारा माणूस या खोलीत उतरायचा. एका खोलीत तीस तीस जण पाळीपाळीने झोपायचे, प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी. मी लग्नानंतर तिकडे फारसा गेलो नाही.

सहज गेलो. आता तिथे तिघंच राहतात. दोन तरुण दिवसा कामावर असतात. तिसरे दत्ताराम तात्या, वय त्र्याहत्तर, एका बिल्डिंगवर रात्रपाळीचे वॉचमन. दिवसा झोपतात. दार उघडल्यावर चादरीतून आवाज आला.

"कोण रे तो?"

"मी जयवंत. रामजीचा."

"हापिसाक सुट्टी?"

"हो. म्हणजे सध्या घरून काम आहे."

"घरून काम, मग घर सोडून हय कित्याक?" असं म्हणून ते कूस बदलून झोपले.

दोन्ही भिंतींना पेट्याच पेट्या. मोजल्या. बावीस. काही सरळ, काही भिंतीकडे तोंड करून, एक आडवी. रचनेला काही पद्धत दिसेना. बावीस वर्षं गोडाऊन सांभाळलेल्या माणसाला असं बघवत नाही. यातले मालक कोण, कुठे असतील, याचा विचार करत चार वाजेपर्यंत बसलो. वेळ कसा गेला कळलं नाही.

आज बोललो: दत्ताराम तात्या, श्रेया.

शुक्रवार, १० जानेवारी

आज सगळ्या पेट्या लावून घेतल्या. तात्या ड्यूटीवरून आले नव्हते, कुठल्याशा दवाखान्यात जाऊन येणार होते. गोडाऊनचा पहिला नियम, लेबल बाहेर. पेटीवर रंगाने लिहिलेलं नाव समोर दिसलं पाहिजे. सगळ्या पुसल्या, सगळ्यांची तोंडं बाहेर केली, खडूने एक ते बावीस क्रमांक टाकले. नाव नीट वाचता आलं तसं वहीत उतरवलं. नऊ नंबरची वडिलांची निघाली. भिंतीकडे तोंड होतं म्हणून काल ओळखली नव्हती. ती पंधरा वर्षांपूर्वीच घरी न्यायला हवी होती. एकोणीस नंबरवर नावच नाही, ती आडवी होती, तीही सरळ केली.

नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा हात काळे झाले. बरं वाटलं.

बारा वाजता तात्या आले. दारातच थांबले. चपला काढायच्या विसरून आत आले आणि पेट्यांकडे बघत राहिले.

"ह्या काय केलंस?"

"नीट लावल्या. नावं दिसत नव्हती."

"अरे गाढवा," ते खाली बसले. "ज्याचा तोंड भिंतीकडे, तो धनी गेलो. घरचा माणूस येऊन पेटी घेऊन जायपर्यंत तशीच रवता. ही पद्धत तुझ्या आज्यापासून आसा. मेल्यांका आणि जित्यांका एका लायनीत उभे केलंस रे!"

कोणत्या उलट्या होत्या ते मी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. वडिलांची सोडली तर एकही खात्रीने आठवत नाही.

"तुम्हाला आठवत असतील ना?"

"माका काय आठवता? वय झाला."

"मंडळाचं रजिस्टर? त्यात मयताची नोंद होते ना?"

"ता वाळयेन खाल्ल्यान," ते म्हणाले आणि उशी सारखी करून आडवे झाले.

शनिवार, ११ जानेवारी

झोप नीट लागली नाही. मंडळाची वार्षिक सभा दरवर्षी २६ जानेवारीला त्याच खोलीत होते. घरची मंडळी येतात. जिवंत माणसाची पेटी भिंतीकडे दिसली तर तो किती बोलेल. आणि गेलेल्याची सरळ दिसली तर त्याच्या बायकोला काय वाटेल. पंधरा दिवस आहेत.

तात्यांना विचारलं, काय करू?

"फोन कर. इचार. नंबर हितेंद्राकडे मेळतले." हितेंद्र म्हणजे सध्याचा चिटणीस, बँकेत आहे.

"जिवंत आहात का, असं विचारू?"

"तुज्या तोंडाक शोभता तसा इचार. मी रातपाळी करतलंय की फोन करतलंय?"

हितेंद्रने दहा मिनिटांत यादी पाठवली, जणू तयारच होती. हुशार मुलगा आहे.

सोमवार, १३ जानेवारी

फोन करायला सुरुवात. मला फोनवर बोलायची सवय नाही. गोडाऊनमध्ये माल बोलत नाही, ते बरं होतं. थेट विचारायचं नाही असं ठरवलं. आधी म्हणायचं, सभेला येणार का?

नंबर एक. दोनदा कट झाला, मग घेतला. आहेत, बोरिवलीला असतात.

नंबर दोन. सुनेने उचलला. विचारलं, "मामंजी सभेला येणार का?" ती म्हणाली, "आले तर आम्हालाही कळवा. अकरा वर्षं झाली जाऊन." फोन ठेवला. चादरीतून तात्या हसत होते. चादर हलत होती.

नंबर तीन, गोविंद बाळा, विरार. मुलगा म्हणाला, "समोर बसलेत, देऊ?" म्हाताऱ्याचा आवाज गडगडत आला. "माझी पेटी? अजून आहे? त्यात पितळी तांब्या आहे बघ, आईने दिलेला. कडेला पोचा आहे. बघून सांग."

म्हटलं, मालकाशिवाय उघडता येणार नाही.

"मी मालक सांगतोय ना तुला!"

"समोर पाहिजे."

"बापावर गेलायस," तो म्हणाला. मग अर्धा तास बोलला. कोण कुठल्या खात्यात होता, कोणाचा डबा कोण खायचा, माझे वडील झोपेत हजेरी घ्यायचे. हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी विचारलं, "तू कामाला कुठे?"

"कॉटन ग्रीनला," मी म्हणालो.

फोन गरम झाला होता. सहाच नंबर झाले आज. तात्यांनी दोन कप चहा ठेवला. दिवसा झोपणारा माणूस हल्ली दिवसा झोपत नाही, तब्येत बघायला हवी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमचं वर्षभर काही नाही. बाजूच्या कमलाबाई दारात आल्या, हातावर तिळाचा लाडू ठेवला. "सण म्हणून नको, खाऊ म्हणून खा," म्हणाल्या. त्यांची नजर आत शिवणाच्या मशीनवर गेली.

ती लोखंडी पायांची जुनी मशीन खिडकीकडे तोंड करून आहे. तिच्यामुळे खोलीत चालायला वाट राहत नाही, वळसा घालून मोरीकडे जातो. सुईखाली कमलाबाईंचाच ब्लाउज आहे. एक बाही लागलेली, एक राहिलेली. सुई कापडात आहे. ऑगस्टपासून मी हात लावलेला नाही. कमलाबाईंनी मागितलाही नाही.

"कामावर सुट्टी नाही का रे आज?" त्यांनी विचारलं.

"नाही. निघालोच."

"डबा विसरू नको मग," त्या म्हणाल्या. डबा माझ्या हातातच होता.

शुक्रवार, १७ जानेवारी

चौदा जणांचा पत्ता लागला. आठ आहेत, सहा गेले. गेलेल्यांच्या पेट्या एकेक करून फिरवतो. तात्या दुसऱ्या बाजूने हात लावतात. आधी झाकणावर तळहात टेकवतात, मग फिरवायची. मीही तसंच करतो.

वडिलांची आज फिरवली. ती आधी का केली नाही, तात्यांनी विचारलं नाही.

नवलाची गोष्ट अशी की फोन केलेली माणसं उलट फोन करतात. गोविंद बाळा रोज करतो, तांब्यासाठी. बोरिवलीवाल्यांना गुडघ्याचा डॉक्टर हवा होता, दीपिकाला विचारून सांगितलं. एकाच्या नातवाला गोडाऊनमध्ये नोकरी धरू की नको ते विचारायचं होतं. त्याला पाऊण तास समजावलं. ठेवल्यावर लक्षात आलं की मी अजून तिथे असल्यासारखा बोलत होतो.

दीपिका आली होती. वही चाळली. "मामा, नावं लिहायची बंद केलीत?" म्हटलं, राहून गेलं, उद्यापासून लिहितो. ती हसली. का ते सांगितलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

चौदा नंबरचा फोन बंद होता, म्हणून आज शीव कोळीवाड्याला जाऊन आलो. हितेंद्रने जुना पत्ता दिला होता. तीनदा विचारत घर सापडलं. मीराबाई, वय सत्तरच्या आसपास, दारात सुकट निवडत होत्या. मी मंडळाचा म्हटल्यावर पाट दिला.

"यजमान सभेला...?"

"नऊ वर्षं झाली." निवडणं थांबलं नाही. "पेटीचं विचारायला आलात?"

मी सगळं सांगितलं. चूकही सांगितली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सरळच असू दे."

"पण पद्धत..."

"दत्ताराम भावजींना सांगा, मीरा म्हणाली. ते गेले हे मला माहीत आहे. पेटीला कशाला सांगायचं?"

वहीत नंबरापुढे काय लिहू ते कळेना. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण?"

"मुलगी हैदराबादला. दर्शना, माझी बायको, ऑगस्टमध्ये गेली. आणि माझी नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली."

दोन्ही एका दमात निघालं. दीपिका सोडली तर आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मीराबाईंनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "हा डबा कोणी केला?"

"मीच."

"नोकरी नाही, तर डबा घेऊन जाता कुठे?"

"खोलीवर."

"म्हणजे रोज तिथे जाऊन, आपणच केलेलं, आपणच खाता?" त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून हसत होत्या. मलाही हसू आलं. मग आम्ही डबा उघडला. दुधीची भाजी होती. त्यांनी वर सुकटीची चटणी वाढली आणि भाजीत मीठ कमी आहे, असं स्पष्ट सांगितलं. दर्शना पाहुण्यासमोर असं कधी बोलली नसती, नंतर बोलली असती.

गुरुवार, २३ जानेवारी

तात्यांना मीराबाईंचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "रवांदे सरळ. ती म्हणता तर रवांदे."

राहिली एकोणीस नंबर. नाव नाही, यादीत नाही, फोन केलेल्यांपैकी कोणाला माहीत नाही.

"ती आडवी ठेव," तात्या म्हणाले. "ज्याचो पत्तो नाय, गेलो म्हणूक येणा नाय, आसा म्हणूक येणा नाय, त्याची आडवी."

मी आडवी केली. तात्या चहा गाळत होते. मागे न बघता म्हणाले, "तुझी पेटी असती, तर खयच्या बाजूक ठेवलंय असतंय सांग?"

मी म्हटलं, मी जिवंत आहे तात्या.

"माका म्हायत आसा. तुका म्हायत आसा काय?"

चहात साखर जास्त होती.

रविवार, २६ जानेवारी

सभा झाली. खोलीत चाळीसेक माणसं, जागा नव्हती म्हणून पेट्यांवर बसली. सरळ पेट्यांवरच बसत होती, उलट्यांवर कोणी नाही. कोणी सांगितलं नव्हतं.

गोविंद बाळा विरारहून आला, आल्याआल्या पेटी उघडली. तांब्या होता. पोचाही होता. तो तांब्या सगळ्यांना हातात घेऊन बघावा लागला.

सुरुवातीला तात्यांनी उशीखालून मंडळाचं रजिस्टर काढलं आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं हितेंद्रने वाचली. त्यात दर्शनाचंही होतं. सगळे उभे राहिले. नंतर रजिस्टर माझ्या हातात आलं तेव्हा चाळून बघितलं. १९६२ पासून सगळ्या मयताच्या नोंदी आहेत, तारखेसकट. वाळवीचं एक भोक नाही. तात्यांचा दुसऱ्या कुठल्या तरी रजिस्टरशी गोंधळ झाला असावा. वय झालं आहे. बोललो नाही, उगाच वाईट वाटेल.

मग हितेंद्र सभासदांची माहिती नव्याने घेत होता. नाव, पत्ता, व्यवसाय. माझी पाळी आली. "काका, व्यवसाय?"

कॉटन ग्रीन एवढंच म्हणायचं होतं. समोर गोविंद बाळा तांब्या मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या बाजूला मीराबाई, चौदा नंबरवर. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम.

"सध्या नोकरी नाही," मी म्हणालो. "नोव्हेंबरपासून."

आवाज मोठा निघाला.

"अरे, मग तांब्या बघायला वेळच वेळ होता की तुला!" गोविंद बाळा ओरडला, आणि खोली हसली. तात्याही.

हितेंद्रने मान वर न करता लिहिलं. त्याच्या यादीत माझ्या नावापुढचं मागच्या वर्षीचं कॉटन ग्रीन आधीच खोडलेलं होतं. दुसऱ्या कोणाचं खोडताना चुकून खोडलं गेलं असेल. मग सगळ्यांसमोर एक काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळाच्या गोरेगाव आणि डोंबिवलीच्या खोल्यांतही अशाच पेट्या आहेत, त्यांची यादी करायची. आणि एकोणीस नंबर शोधायची. मीराबाईंना अंधुक आठवतं, कॉटन ग्रीनच्या गोदामात एक हमाल होता, गावचा नव्हता, तरी तात्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. तात्या म्हणाले, "असात. माका काय आठवता?" कॉटन ग्रीनची वाट मला डोळे मिटून ठाऊक आहे.

संध्याकाळी सात वाजता श्रेयाचा फोन आला. तिने विचारायच्या आत सांगून टाकलं.

मग जी भीती होती तेच. "बाबा, मी उद्या राजीनामा देते. परवा पोचते."

"येऊ नको," मी म्हणालो. "मला उद्या वेळ नाही."

"वेळ नाही म्हणजे?"

मग पहिल्यापासून सांगितलं. पेट्या, चूक, फोन, तांब्या, दुधीची भाजी. ती मध्येच रडत होती आणि "तुम्ही सगळ्यांना उलटसुलट केलंत?" म्हणून हसतही होती. बावन्न मिनिटं झाली. राजीनाम्याचं पुन्हा निघालं नाही. दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाली, अट एवढीच की रोज एका पेटीची गोष्ट सांगायची. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि आईची मशीन?"

"आहे. खिडकीपाशी."

"अजून तशीच?"

"बघतो," म्हटलं.

फोन ठेवून मशीनजवळ गेलो. तिच्यावर तळहात टेकवला. चाक हाताने अर्धा फेरा फिरवलं, तेव्हा सुई वर आली. पाच महिने कापडात होती, तिथे गंजाचा बारीक डाग पडला आहे. सुईजवळची दाबपट्टी उचलली, ब्लाउज काढला, दोरा कापला, घडी केली. मग मशीनचं तोंड भिंतीकडे करायला गेलो. लोखंडी पाय, एकट्याने जेमतेम अर्धी वळली आणि मध्येच अडकली. आडवी.

ब्लाउज घेऊन कमलाबाईंकडे गेलो. त्यांनी राहिलेली बाही बोटांनी चाचपली, डागावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "राहू दे एका बाहीचा. लावून नाही घेणार." मग माझ्या उघड्या दारातून आत बघितलं. "हे असं वाटेत काय ठेवलंयस?"

"उद्या बघतो."

"उद्या कशाला?" त्या माझ्या पुढून आत गेल्या, पदर कमरेला खोचला आणि मशीनची एक बाजू पकडली. "धर तिकडून."

धरली.